कमाल पात्रता : एस.एस.एल.सी.

१९६७ साली आमच्या चामराजपेटेतल्या टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये सहा मशिनं होती आणि त्यांतल्या चारांवर बी.ई. झालेली मुलं बसायची. ती टायपिंग शिकायला येत नसत, नोकरीचे अर्ज टाइप करायला येत. उरलेल्या दोन मशिनांवर हायस्कुलातल्या दोन मुली ‘ए एस डी एफ’ बडवत. त्या सहांपैकी आधी नोकरी लागली ती त्या दोघींना.

झालं होतं असं, की पाच-सहा वर्षांपूर्वी देशाला इंजिनियर हवे होते. तसं सगळीकडून सांगण्यात आलं. कॉलेजं निघाली, मुलं शिरली, आणि शिस्तीत पास होऊन बाहेर आली, तेव्हा देशाचा विचार बदलला होता. कारखान्यांत मंदी, सरकारात भरती बंद. मुलांचा दोष एवढाच, की ती सांगितल्या वेळेवर तयार झाली. तशी सवय आपल्याकडे कुणाला नसते.

या मुलांत एक आमच्या गवीपूरच्या गल्लीतला होता, आर. विठोजी राव. आमची घराणी शहाजीराजांबरोबर इकडे आली आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे आमच्यात मुलाचं नाव आजोबाचं, आद्याक्षर बापाचं आणि मागचं ‘राव’ बेंगळूरचं. विठोजी मेकॅनिकलचा पहिल्या वर्गात पास. एकोणीस महिन्यांत मी त्याचे एकशे बारा अर्ज टाइप केले. अकरा उत्तरं आली. दहा नकाराची. अकरावं आलं ते पाहून आम्ही दोघं खुर्चीत सरसावून बसलो. कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्याचाही मुलगा बी.ई. होता आणि बेंगळुरात कुठे जागा असेल तर कळवावं, अशी विनंती होती.

विठोजीचा बाप रघुजी. विमानांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर, शेवटची आठ वर्षं हेडफिटर. कानस हातात घेतली की लोखंड आपण होऊन सपाट व्हायचं, असं त्याच्याबरोबरची माणसं सांगत. आणि रघुजी ते कधी नाकारत नसे. पण पंचवीस वर्षांत त्यानं एक गोष्ट मनात धरली होती. कारखान्याला दोन फाटकं असतात, एक हात काळे असलेल्यांचं आणि एक हात स्वच्छ असलेल्यांचं. आपला मुलगा दुसऱ्या फाटकातून जाणार. म्हणून घरातल्या हत्यारांच्या पेटीला विठोजीनं लहानपणापासून बोट लावायचं नाही, असा नियम होता. “कानस धरणाऱ्याला कानसच धरते,” रघुजी म्हणायचा.

नियम इतका कडक, की इंजिनियरिंगच्या कॉलेजात वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा तुकडा घासायला देत, तो विठोजी पिशवीत घालून घरी आणायचा आणि रघुजी रविवारी दुपारी घासून द्यायचा. वर्कशॉपच्या विषयात विठोजी राव कॉलेजात पहिला आला. त्या दिवशी रघुजी मला म्हणाला, “मेष्ट्रे, बी.ई.तले नव्वद मार्क माझे आहेत.” आमच्याकडे टायपिंग शिकवणाऱ्यालाही मेष्ट्रे म्हणतात.

थोडक्यात, बेंगळुरातल्या सगळ्यांत चांगल्या फिटरच्या घरी एक मुलगा तेवीस वर्षं वाढला आणि त्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. हे बापानं मोठ्या कष्टानं साधलं होतं.

डिसेंबरात पेपरात जाहिरात आली. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही, त्यांचे पंप अजून चालतात. त्यांना तीन फिटर हवे होते. प्रात्यक्षिक परीक्षा दोन महिन्यांनी. आणि खाली लिहिलं होतं : ‘कमाल पात्रता एस.एस.एल.सी. त्याहून अधिक शिकलेल्यांनी अर्ज करू नये.’

एस.एस.एल.सी. म्हणजे आमच्याकडची मॅट्रिक. मी जन्मभर ‘किमान पात्रता’ टाइप करत आलो होतो. शिक्षणाला वरून छप्पर घातलेलं पहिल्यांदाच पाहिलं. कारखान्याचंही बरोबर होतं. आधी दोन बी.ई. फिटर म्हणून घेतले, ते चार महिन्यांत दुसरीकडे निघून गेले, आणि असेपर्यंत कानशीपेक्षा कंगवा जास्त वापरत होते म्हणे.

संध्याकाळी रघुजी आणि विठोजी दोघंही आले. रघुजीच्या हातात पेपर.

“मेष्ट्रे, हे वाचा.”

“वाचलं. सकाळपासून सात जणांनी वाचायला दिलंय.”

“मग? तुमचं मत काय?”

“अण्णा, मत पाहिजे की अर्ज पाहिजे?”

विठोजी माझ्या मशिनासमोर बसला आणि म्हणाला, “बी.ई. लिहू नका. एस.एस.एल.सी., एकोणीसशे साठ. तेवढंच.”

मी तेवढंच टाइप केलं. पण पुढचा रकाना होता, ‘परीक्षेनंतर आजवर काय केलं’. कॉलेजची सहा वर्षं आणि पुढची रिकामी, एवढं सगळं कुठे तरी घालायला हवं होतं.

“बाकीच्यांनी काय लिहिलं?” विठोजीनं विचारलं.

“एक जण आजारी होता. दोघं शेतीत. आणि एकानं आजीची सेवा केली. आजी बरी आहे आता.”

“मग लिहा, वडिलांच्या हाताखाली फिटरचं काम शिकत होतो.”

रघुजीनं पेपर खाली ठेवला. “खोटं आहे ते.”

“सगळंच खोटं आहे, अप्पा. त्यातल्या त्यात हे बरं दिसतं.”

“बाकीचं खोटं असू दे. हे माझ्या नावावर आहे.” रघुजी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. चांगला सिटी बसची एक फेरी जाऊन येईपर्यंत. मग म्हणाला, “परीक्षा दोन महिन्यांनी ना? सरी, ठीक आहे. मेष्ट्रे, लिहा. खरं करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या मागल्या अंगणात कानशीचा आवाज सुरू झाला. आमच्या गल्लीत भिंती सामाईक असतात, त्यामुळे घरोघरी तो ऐकू यायचा. बी.ई. झालेला मुलगा कानस घासतो हे गल्लीला कळू द्यायचं नव्हतं. त्याची आई गोजराबाई हुशार. तिनं शेजारच्या रत्नाबाईला सांगितलं, “संशोधन करतोय.” जोड कुठे घासतो ते कळायला तुकड्यांना निळा रंग लावतात, त्यानं विठोजीची बोटं कायम निळी असायची. रत्नाबाई कौतुकानं म्हणायची, “किती लिहितोय बाई, शाई जात नाही हाताची.”

रघुजीची शिकवण्याची एक रीत होती. सपाट कानशीच्या पाठीवर, पुढच्या टोकाला, तो एक चिंचोका ठेवायचा. शंभर हात मारायचे आणि चिंचोका पडता कामा नये. पडला की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात विठोजी सोळाच्या पुढे गेला नाही.

“कॉलेजात पहिला ना तू वर्कशॉपमध्ये?” रघुजी विचारायचा.

“तुम्ही पहिले आला होता, अप्पा.”

“तेच म्हणतो. बघ, माझे नव्वद मार्क तुझ्या हातात अजून उतरले नाहीत.”

दुसऱ्या आठवड्यात हाताला फोड आले, तिसऱ्यात फुटले, पाचव्यात त्यांची जागा कातड्यानं घेतली. सहाव्या आठवड्यात चिंचोका शंभर हात टिकला. रघुजीनं मोजणं थांबवलं, चिंचोका उचलून खिशात टाकला आणि आंघोळीला गेला. गोजराबाईनं मला भिंतीवरून सांगितलं, “मेष्ट्रे, आंघोळ करताना गात होते. लग्नानंतर पहिल्यांदा.”

“काय गात होते?”

“ते कळलं असतं तर त्याला गाणं म्हटलं नसतं काय मी.”

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी आठला परीक्षा. पुढचं मला विठोजीनं सांगितलं, आणि नंतर परीक्षा घेणाऱ्या माणसानंही. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

वीस उमेदवार. प्रत्येकापुढे लोखंड घट्ट धरून ठेवणारा एक व्हाइस, दोन चपटे लोखंडी तुकडे आणि ड्रॉइंगचा एक कागद. एका तुकड्याला पारव्याच्या शेपटीसारखी जीभ काढायची, टोकाला रुंद, बुडाशी अरुंद. दुसऱ्यात तशीच खाच. जीभ खाचेत सरकवायची आणि जोड उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की मार्क गेले. वेळ चार तास.

परीक्षा घेणारे फोरमन होते देवाप्पा. खानापूरकडचे, कारखान्यात पहिल्या दिवसापासून. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कामावर असताना कुठलीच भाषा नाही, असा माणूस. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “ड्रॉइंग वाचा. मग घासा. मला विचारू नका.”

विठोजीनं आजूबाजूला पाहिलं आणि खाली मान घातली. पलीकडच्या व्हाइसवर विद्याधर उभा होता. विद्याधर त्याच्याच वर्गातला, कॉलेजचं सुवर्णपदक मिळवलेला. विद्याधरनंही त्याला पाहिलं आणि आयुष्यात कधी भेट झाली नसल्यासारखा चेहरा केला. त्यापलीकडे इलेक्ट्रिकलचे दोघं होते. मागे सिव्हिलचा एक, तो काय घासायला आला होता देव जाणे. पाठमोऱ्या मानांवरून विठोजीनं हिशेब केला, त्याच्यासकट वीसपैकी निदान चौदा जण कागदोपत्री अजिबात शिकलेले नव्हते आणि बाकीच्या तेराही जणांना तो कॉलेजातून ओळखत होता.

त्यानं ड्रॉइंग वाचलं. जिभेचं टोक तीस मिलिमीटर. उंची तेरा. बाजूंचा उतार साठ अंश. बूड सोळा.

आता हे चार आकडे एकेकटे सज्जन होते. पण चौघांचं एकमत होत नव्हतं. टोक तीस, उंची तेरा आणि उतार साठ धरला, तर साठ अंशाच्या टॅनवरून बूड येतं पंधरा. सोळा येत नाही. एका मिलिमीटरचा फरक. साधा माणूस तो हिशेबातही धरणार नाही, पण या कामात एक मिलिमीटर म्हणजे दाराची फट. सोळा धरून घासलं तर उतार चुकणार, उतार धरून घासलं तर बूड चुकणार. जगातला कुठलाही फिटर हा जोड ड्रॉइंगप्रमाणे बसवू शकणार नव्हता.

विठोजीनं चोरून तळहातावर पेन्सिलीनं वजाबाकी केली, पुन्हा केली. मग मान वर केली, तर विद्याधर आपला तळहात बघत होता. सिव्हिलवालाही. त्या शेडमध्ये एकाच मिनिटात चौदा तळहातांवर तीच वजाबाकी झाली, आणि दुसऱ्या मिनिटाला चौदाही जणांनी बोटाला थुंकी लावून ती पुसून टाकली. मग तेरा कानशी उचलल्या गेल्या आणि एस.एस.एल.सी. पास माणसाला शोभेल अशा विश्वासानं चुकीचं माप घासायला सुरुवात झाली.

विठोजीनंही कानस उचलली. टॅन साठ त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. एकोणीस महिने, एकशे बारा अर्ज आणि तीन जागा. बोललं तर जागा गेली, हे सांगायला बी.ई. लागत नव्हतं. त्यानं पहिला हात मारायला कानस लोखंडावर टेकवली, आणि हात पुढे जाईना. दोन महिने रघुजीनं त्याच्या डोक्यात एकच गोष्ट हाणली होती, की लोखंड घासलेलं परत येत नाही. शंका असेल तर पहिल्या हाताआधी विचार, नंतर विचारणारा फिटर नव्हे, माफी मागणारा. अर्जात सगळं खोटं होतं. एकच वाक्य खरं करायला त्या माणसानं दोन महिने अंगणात उभ्यानं काढले होते.

विठोजीनं कानस हातात तशीच धरली आणि म्हणाला, “सार, ड्रॉइंग चुकलंय.”

शेडमधल्या एकोणीस कानशी थांबल्या.

देवाप्पा उठून जवळ आले. “काय म्हणालास?”

“बूड सोळा लिहिलंय. पंधरा पाहिजे.”

“कशावरून?”

“साठ अंशाच्या टॅनवरून.”

“एस.एस.एल.सी. ना तू?” देवाप्पांनी त्याचा अर्ज काढून पाहिला आणि ‘विठोजी राव’ वाचून मराठीवर आले. “हे टॅन तुला कुणी शिकवलं की? वडिलांनी?”

सुटायला दार अख्खं उघडं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“वडिलांनी कानस शिकवली. टॅन कॉलेजात शिकलो. मी बी.ई. आहे, सार. मेकॅनिकल.”

देवाप्पांनी बाकीच्यांकडे पाहिलं. “आणखी कोण आहे?”

कुणीच नव्हतं. विद्याधर आपल्या कानशीचे दाते मोजत होता. सिव्हिलवाल्याला डोळ्यात कण गेला होता.

देवाप्पांनी जास्त विचारलं नाही. ते ड्रॉइंगकडे बघत राहिले. ते ड्रॉइंग त्यांचं होतं. देशात मेट्रिक मापं आली तेव्हा इंचातलं जुनं ड्रॉइंग त्यांनीच मिलिमीटरमध्ये उतरवलं होतं. वरून सूचना होती, दशांश ठेवू नका, कामगार गोंधळतात. देवाप्पांनी प्रत्येक आकडा नियमाप्रमाणे जवळच्या पूर्ण आकड्याला नेऊन बसवला होता. त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ते याच ड्रॉइंगवर फिटर पारखत होते. पोरांचा जोड बसला तर माप चुकायचं, माप बसलं तर जोड उजेड दाखवायचा. दर वर्षी देवाप्पा घरी जाऊन बायकोला सांगायचे, “चंद्रा, आजकालच्या पोरांत काही राहिलं नाही बघ.”

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, रिकाम्या व्हाइसवर दोन तुकडे चढवले आणि म्हणाले, “बघूया की.”

दीड तास देवाप्पा घासत होते. वीस जण आपलं काम सोडून भोवती उभे. विठोजी म्हणतो, आवाज अगदी घरच्यासारखा येत होता. देवाप्पांनी जीभ खाचेत सरकवली आणि जोड खिडकीकडे धरला. फटीतून उजेड आला नाही. मग त्यांनी मापपट्टी लावून बूड मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पुन्हा पंधराच.

“सहा वर्षं,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग वीस कागदांवरचा सोळा त्यांनी स्वतः पेन्सिलीनं खोडला, पंधरा केला, सगळ्यांना नवे तुकडे दिले आणि घड्याळ पुन्हा मागे फिरवून ठेवलं. “आता पहिल्यापासून. चार तास.” विठोजीकडे बोट केलं. “तू पण घास. वर जाऊन विचारून येतो.”

वर माणसं घेणारे अधिकारी बसायचे. देवाप्पांनी सगळं सांगितलं. साहेबांनी जाहिरात पुढे केली. “जास्त शिकलेला चालत नाही. शिवाय त्यानं लपवलं.”

“लपवलं आणि सांगितलं पण. माझ्या तोंडावर, माझंच चुकलंय म्हणून.”

“नियम आहे, देवाप्पा. एस.एस.एल.सी. हवा.”

“एस.एस.एल.सी. नाही काय तो? सर्टिफिकेट आहे की.”

“आहे. पण त्याच्यावर जास्त आहे.”

“मग जास्तीचं बघू नका.”

साहेबांनी पुष्कळ विचार केला. त्यांनाही एक मुलगा होता आणि तो तिसऱ्या वर्षाला सिव्हिलला होता. शेवटी त्यांनी शेरा लिहिला : ‘सदर उमेदवाराची अतिरिक्त पात्रता दुर्लक्षिण्यास हरकत नाही. निवड केवळ हातकामावर.’ तो कागद पुढे मी पाहिला आहे. टायपिंग चांगलं होतं.

संध्याकाळी निकाल लागला. विद्याधर पहिला, त्याचा मामा शिवाजीनगरला कुलपं दुरुस्त करायचा आणि तो वर्षभर तिथे बसत होता. दुसरा मागडीकडचा एक खरोखरचा एस.एस.एल.सी. तिसरा विठोजी राव. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड दिसला होता. त्या वर्षापासून त्या कारखान्याच्या फिटर विभागात दोन बी.ई. होते, पण कागदावर एकच, आणि तोही दुर्लक्षित.

विठोजी घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. गोजराबाईनं त्याच्या तोंडावरून ओळखलं आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. रघुजीनं सगळं ऐकून घेतलं. ड्रॉइंगचं, टॅनचं, उभं राहून सांगितल्याचं. बराच वेळ मान हलवत होता. शेवटी विचारलं,

“कितवा?”

“तिसरा.”

“तिसरा,” रघुजी म्हणाला. “कुठला कोपरा?”

“डावा. खालचा.”

“सांगत होतो. डाव्या हातानं दाबतोस.” आणि त्या दिवशी रघुजी जेवताना कुणाशी बोलला नाही. गोजराबाईनं समजावलं, वीसात तिसरा आला, नोकरी लागली, आणखी काय पाहिजे. त्यावर तो एवढंच म्हणाला, की त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस आजवर कधी तिसरा आला नव्हता.

पण सकाळी पहिला नळावर तोच गेला. रत्नाबाईनं विचारलं, “संशोधन संपलं का हो अण्णा मुलाचं?”

“संपलं,” रघुजी म्हणाला. “फिटर झालाय.”

रत्नाबाईला वाटलं, चेष्टा करतायत. रघुजीनं कळशी खाली ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “फिटर. राजाजीनगरात. वीसांत फोरमनची चूक दाखवली त्यानं. बी.ई. तर तिथे आणखी तेरा होते.” ही तेराची गोष्ट त्या दिवशी गवीपूरभर फिरली आणि तेरा घरांतून रघुजीवर काही दिवस राग होता.

पुढच्या रविवारी दुपारी देवाप्पा गल्लीत आले. घर विचारत विचारत. कोट घातलेला, हातात अर्धा डझन केळी. मी ओट्यावर होतो, मला म्हणाले, “कानस शिकवणारे रघुजी राव इथेच काय?”

मी आत नेलं. रघुजी बाकावर बसला होता, उठला. दोघांनी नमस्कार केला आणि त्याच नमस्कारात दोघांनी एकमेकांचे तळवे पाहून घेतले. त्यानंतर ओळख करून द्यायची काही गरज राहिली नाही. देवाप्पा बाकावर बसले. विठोजी दाराशी उभा. वरिष्ठ घरी आलेला, बाप समोर बसलेला. उभं राहण्याशिवाय त्याला दुसरं काही सुचेना.

“पोरानं वीस जणांसमोर चूक काढली माझी,” देवाप्पा म्हणाले.

“कळलं मला. राग आला?”

“आला की. दीड तास होता. घासता घासता गेला.” देवाप्पांनी कॉफीचा एक घोट घेतला. “खरं सांगू? टॅन कुणीही काढेल. तेवढ्यापुरतं कॉलेज पुरतं. तो पहिला हात मारायच्या आत थांबला, ते कॉलेजचं नव्हे. ते बघायला आलोय, कुणाचं आहे.”

रघुजीनं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. मग आत हाक मारली, “गोजरा, आणखी एक कॉफी.”

“कुणाला?” आतून आवाज आला. “मेष्ट्रेंना दिली की मघाशी.”

“फिटरला,” रघुजी म्हणाला, आणि बाकावर जरा सरकून बसला.

विठोजी त्या दोघांच्या मधे बसला. मग दोन्ही म्हाताऱ्यांनी कोणत्या गावची कानस चांगली यावर वाद सुरू केला. एकानं शेफील्ड धरलं, दुसऱ्यानं जर्मनी सोडलं नाही. केळी संपली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. त्या दीड तासात बी.ई. असलेल्या माणसाला मधे एक शब्द बोलायला मिळाला नाही, आणि माझ्या माहितीत एवढ्या मानानं गप्प बसलेला इंजिनियर मी दुसरा पाहिलेला नाही.